क्लोरोक्विनला पुन्हा दाद
परजीवींचं शास्त्र : भाग ६

हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत कसा शिरतो, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आत गेल्यावर तो खातो काय, इथून आज सुरुवात करू. क्लोरोक्विनची सगळी कथा त्या खाण्यात आहे.

प्लास्मोडियम फॅल्सिपेरम हा हिवतापाच्या परजीवींमधला सर्वांत घातक. पेशीतलं हिमोग्लोबिन तो आपल्या अन्नपुटिकेत ओढतो आणि पचवतो. मागे उरतं हीम, आणि सुटं हीम त्याला विषासारखं. म्हणून तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवतो. क्लोरोक्विन नेमकं अन्नपुटिकेत साठतं आणि हे स्फटिक होऊ देत नाही. परजीवी स्वतःच्याच जेवणातल्या विषानं मरतो. औषध स्वस्त, मुलांनाही देता येणारं. पण १९५०च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर आणि कोलंबियात परजीवी त्याला दाद देईनासा झाला. १९७३मध्ये आसामात तेच आढळलं, आणि त्या दशकाच्या शेवटी पूर्व आफ्रिकेत. तिथे याची किंमत मोजली ती पाच वर्षांखालच्या मुलांनी.

परजीवीत बदललं होतं काय? अमेरिकेत टॉमस वेलेम्स आणि सहकाऱ्यांनी याचं उत्तर शोधायला परजीवींचा संकरच घडवला. माणसाच्या शरीरात या परजीवीकडे प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते. नर-मादी रूपांचं मीलन होतं ते डासाच्या पोटात. होंडुरासमधला औषधाला बळी पडणारा आणि आग्नेय आशियातला न जुमानणारा, असे दोन वाण डासांमध्ये एकत्र आणले गेले. त्यांची संतती चिंपांझीच्या शरीरात वाढवून एकेक वंश वेगळा केला. तेव्हा संशय होता एका पंपासारख्या प्रथिनाच्या जनुकावर. पण ते जनुक ज्यांना वारशानं मिळालं होतं, ते सगळेच प्रतिकारक निघाले नाहीत. संशयित सुटला. १९९१मध्ये माग सातव्या गुणसूत्रावर पोचला. १९९७पर्यंत शोधाचा टापू सुमारे ३६ हजार अक्षरांवर आला आणि तिथलंच एक जनुक दोषी ठरवलं गेलं. तेही चुकीचं होतं. खरं जनुक त्याच्या शेजारीच होतं, पण १३ तुकड्यांत विखुरलेलं असल्यामुळे नजरेतून निसटलेलं. २०००मध्ये डेव्हिड फिडॉक आणि वेलेम्स यांच्या गटानं ते जाहीर केलं : पीएफसीआरटी. दहा वर्षं एका जनुकाच्या मागे लागण्याची ही चिकाटी मला त्या शोधाइतकीच मोठी वाटते.

हे जनुक अन्नपुटिकेच्या भिंतीतल्या एका वाहक प्रथिनाचं. त्या प्रथिनातल्या ७६व्या जागी लायसिन असतं, त्याच्यावर धन विद्युतभार. अन्नपुटिकेच्या आम्लात क्लोरोक्विनवरही धन भारच असतो, त्यामुळे त्याला बाहेरची वाट मिळत नाही. त्या जागी थ्रिओनिन आलं की भार जातो, वाट मोकळी होते आणि औषध बाहेर निघून जातं. प्रत्यक्षात प्रतिकारक परजीवीत या प्रथिनात आणखीही काही बदल असतात, पण खूण ही ७६व्या जागेची. तिचा फायदा असा, की कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबातूनही ती वाचता येते.

मलावीत या खुणेनं जे दाखवलं, त्यासाठीच मी हा भाग लिहायला घेतला. १९९३मध्ये मलावीनं क्लोरोक्विन थांबवलं आणि दुसरं औषध सुरू केलं. आफ्रिकेत असं करणारा तो पहिला देश. ब्लँटायर शहरातल्या रुग्णांत १९९२मध्ये ८५ टक्के परजीवींवर ही खूण होती, २०००मध्ये १३ टक्क्यांवर. पुढे ती सापडेनाशी झाली. मग मुलांना पुन्हा क्लोरोक्विन देऊन पाहिलं गेलं. २००६मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : ८० मुलांपैकी फक्त एकात उपचार फसला. त्याच चाचणीत, क्लोरोक्विनच्या जागी आणलेलं औषध मात्र बहुतेक मुलांत निष्फळ ठरलं.

बदललेले परजीवी सुधारून मूळपदावर आले, असा याचा अर्थ नाही. या वाहकाला परजीवीच्या पचनात स्वतःचं काम आहे आणि बदलानं ते काम बिघडतं. औषध असेपर्यंत तो तोटा परवडतो. औषध गेलं की जुन्या चालीचे, मूळ जनुकाचे परजीवी सरस ठरतात. मलावीत असे थोडे कुठेतरी टिकून होते, तेच पुन्हा पसरले. त्यांच्या जनुकीय वैविध्यावरून ते ओळखता आलं. सगळेच एखाद्या नव्या पूर्वजाचे वंशज असते, तर ते एकसारखे दिसले असते.

भारतात असं घडणं अवघड आहे. फॅल्सिपेरमसाठी आपण आर्टेमिसिनिनवर आधारित जोडऔषधं वापरतो, पण व्हायवॅक्स हिवतापावर पहिलं औषध आजही क्लोरोक्विनच. आपल्याकडे अनेक ठिकाणी दोन्ही हिवताप एकत्र नांदतात, त्यामुळे फॅल्सिपेरमवरचा क्लोरोक्विनचा दाब पूर्ण उठतच नाही. त्यातून इथल्या प्रतिकारक परजीवींमधला पीएफसीआरटीचा प्रकार बहुतेक ठिकाणी आफ्रिकेतल्यापेक्षा वेगळा आहे. म्हणून मलावीचा अनुभव आपल्या धोरणात जसाच्या तसा उचलता येणार नाही. गडचिरोलीच्या पाड्यावर आशाताई रक्ताचा थेंब तपासून जी जोडऔषधाची गोळी देते, ती किती वर्षं चालेल, हे इथल्याच परजीवींची जनुकं सतत वाचून ठरवावं लागेल.

आर्टेमिसिनिनला पहिला धक्का बसला तो पश्चिम कंबोडियात. तिथलं जनुक सातव्या नव्हे, तेराव्या गुणसूत्रावर सापडलं. पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे वळू.