प्राचीन भाषांची पदे आणि परिषदा

युरोप-अमेरिकेतील विद्यापीठांत प्राचीन विद्येचा विभाग म्हणजे प्रामुख्याने ग्रीक आणि लॅटिनचा विभाग. महाराष्ट्रात हे स्थान संस्कृत, पाली, अर्धमागधी, फारसी आणि अरबी यांना मिळाले. भाषा कोणतीही असली तरी विद्यापीठात तिचा अभ्यास दोन गोष्टींवर चालतो : शिकवण्यासाठी मंजूर झालेले पद, आणि झालेले काम जाणकारांपुढे मांडण्यासाठी भरणारी परिषद. छत्रपती संभाजीनगर आणि भोवतालच्या मराठवाड्याला या दोन्हींची गरज मोठी आहे, कारण या प्रदेशाचा प्राचीन इतिहास एकाच वेळी अनेक भाषांत लिहिला गेला आहे.

शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवरचे पैठण हे सातवाहनांचे प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, या दोन्ही बाजारपेठांची नोंद आहे. बॅरिगाझापासून, म्हणजे भडोचपासून, पैठण दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून तगर पूर्वेला दहा दिवसांवर, असे तो सांगतो. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जात असे. दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलग्रंथात ‘बैठण’ या राजधानीसोबत तेथील राजाचेही नाव येते. ते सातवाहन राजा पुळुमावीचे मानले जाते. दुसऱ्या बाजूला कार्ले आणि जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत. त्यांची लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत. या इतिहासाचा अभ्यास करायचा तर ग्रीक ग्रंथ आणि प्राकृत शिलालेख शेजारी ठेवून वाचावे लागतात.

असे वाचन महाराष्ट्रात पक्क्या पायावर उभे केले ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी. लंडनला १८७४ मध्ये भरलेल्या प्राच्यविद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी त्यांनी नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवर निबंध पाठवला. १८८६ च्या व्हिएन्ना परिषदेला ते स्वतः गेले. दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील त्यांच्या १८८४ च्या ग्रंथात शिलालेख, नाणी आणि पुराणे यांच्या जोडीने टॉलेमी आणि ‘पेरिप्लस’ यांचीही साक्ष तपासली आहे. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली आणि आपला ग्रंथसंग्रह त्यांनी संस्थेला दिला.

याच संस्थेच्या पुढाकाराने नोव्हेंबर १९१९ मध्ये पुण्यात अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. अध्यक्ष भांडारकरच होते. त्याआधी भारतीय अभ्यासकाला आपले संशोधन मोठ्या विद्वत्सभेपुढे ठेवायचे तर युरोपकडे पाहावे लागे. पुढे १९२२ मध्ये कलकत्ता, १९२४ मध्ये मद्रास, अशी ही परिषद गावोगावच्या विद्यापीठांत फिरत राहिली. १९४१ चे अधिवेशन हैदराबादला भरले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. अजिंठ्याच्या चित्रांवर चार भागांचा ग्रंथ सिद्ध करणारे गुलाम याझदानी हे त्या राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे पहिले संचालक होते.

परिषदेची रचना आजही विभागवार आहे. वैदिक, अभिजात संस्कृत, इराणी, इस्लामी विद्या, पाली आणि बौद्ध विद्या, प्राकृत आणि जैन विद्या, इतिहास, पुरातत्त्व, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान असे विभाग आणि प्रत्येकाला स्वतंत्र विभागाध्यक्ष असतो. पारंपरिक शास्त्रींसाठी पंडित परिषद असते आणि तिथली चर्चा संस्कृतात चालते. निबंधांचे सारांश आधी मागवून छापले जातात. नव्या संशोधकाला आपल्या पाठनिश्चितीवर किंवा शिलालेखाच्या वाचनावर ज्येष्ठांचे आक्षेप समोरासमोर ऐकायला मिळतात, हा या परिषदेचा सर्वांत मोठा लाभ.

अमेरिकेत १८६९ मध्ये स्थापन झालेली ग्रीक-लॅटिन अभ्यासकांची संस्था, म्हणजे आजची सोसायटी फॉर क्लासिकल स्टडीज, वार्षिक अधिवेशनाच्या जागीच प्राध्यापकपदांच्या मुलाखतीही घडवून आणत असे. भारतात परिषद आणि नेमणूक या वाटा वेगळ्या राहिल्या. इथे पद जाहिरातीतून, आरक्षणाच्या बिंदुनामावलीतून आणि निवड समितीतून भरले जाते.

एका पदातून किती काम उभे राहते, हे धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्रातून कळते. कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवत असताना त्यांना महाराष्ट्रात परतून काम करायचे होते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच, की त्यांनी महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. कोसंबींनी ते स्वीकारले. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पाली आल्यावर १९१२ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवू लागले. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी पु. वि. बापट पुढे दिल्ली विद्यापीठाच्या बौद्ध विद्या विभागाचे पहिले प्रमुख झाले, तर ना. के. भागवतांनी मुंबईत पाली रुजवली.

वर्गाचे दार मात्र सर्वांना सारखे उघडे नव्हते. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये विद्यार्थी भीमराव आंबेडकरांना संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्यतेमुळे ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत ते पुढे स्वतःच्या कष्टाने शिकले, पालीचा शब्दकोशही त्यांनी सिद्ध केला. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू केले. निजामाच्या राजवटीत शहरात इंटरमीजिएटपर्यंतचेच सरकारी महाविद्यालय होते. नव्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील इंडो-ग्रीक राजा मिनँडर हाच पाली ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथातला मिलिंद; त्याच्या प्रश्नांना भिक्खू नागसेन उत्तरे देतात. या राजाच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीतील प्राकृत मजकूर असतो. वादात हरल्यावर सत्य मान्य करणाऱ्या जिज्ञासूचा आदर्श बाबासाहेबांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवला. ज्या समाजाला प्राचीन ग्रंथांपासून शतकानुशतके दूर ठेवले गेले, त्या समाजातील मुलामुलींना पदवी शिक्षणाचे दार इथे उघडले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला बाबासाहेबांचे नाव मिळाले. त्याच विद्यापीठात आज पाली आणि बौद्ध विद्येचा विभाग आहे.

आज सहायक प्राध्यापक व्हायचे तर पदव्युत्तर पदवीनंतर नेट किंवा राज्याची सेट परीक्षा, अथवा नियमानुसार पीएच.डी. लागते. संस्कृत, पाली, प्राकृत, फारसी आणि अरबी हे नेटचे स्वतंत्र विषय आहेत. ग्रीक आणि लॅटिन त्या यादीत नाहीत. लॅटिनची परंपरा या भागात मुख्यतः गोव्यातील राशोलसारख्या सेमिनरींनी आणि मुंबईच्या काही महाविद्यालयांनी जपली.

पात्रतेनंतरची अडचण कार्यभाराची. सहायक प्राध्यापकाच्या पूर्णवेळ पदामागे आठवड्याला १६ तास अध्यापन धरलेले असते. अकरावीला पाली किंवा अर्धमागधी घेणारी मुले कमी झाली, की पुढे पदवीचे वर्ग आटतात, तास कमी पडतात, आणि निवृत्त प्राध्यापकाची जागा रिकामीच राहते. मग शिकवणी तासिका तत्त्वावर चालते. तासावर मानधन घेणाऱ्या शिक्षकाला सुट्टीचे वेतन नाही, पुढच्या वर्षाची खात्री नाही. हस्तलिखितांसाठी प्रवास आणि परिषदेचे शुल्क त्याला खिशातून भरावे लागते. प्राचीन भाषेत मुरायला लागणारी दहा-पंधरा वर्षे अशा नोकरीत काढणे फार कठीण आहे.

दीर्घ मुदतीची पदे काय करू शकतात, याची दोन उदाहरणे पुण्यात आहेत. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली गेली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ पासून तिची पद्धत घडवली आणि काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ पासून चाललेल्या संस्कृत कोशासाठी सुमारे १,५०० ग्रंथांतून शब्द वेचून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. ही कामे एका माणसाच्या नोकरीत संपत नाहीत; एकाने सोडलेले काम दुसऱ्याने उचलावे लागते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठी, पाली आणि प्राकृत यांना अभिजात भाषेचा दर्जा दिला. या दर्जासोबत राष्ट्रीय पुरस्कार, अध्ययन केंद्र आणि केंद्रीय विद्यापीठांत अध्यासने अशा तरतुदी येतात. संभाजीनगरचे विद्यापीठ राज्य विद्यापीठ आहे. तेथील आणि मराठवाड्यातील महाविद्यालयांतील पदे राज्य सरकारच्या मंजुरीवर अवलंबून आहेत. त्यामुळे पैठण आणि तेरच्या प्रदेशात पाली-प्राकृतचे पूर्णवेळ शिक्षक किती राहतील, आणि त्यांच्या जोडीला ग्रीक ग्रंथ मुळातून वाचणारा एखादा अभ्यासक कधी येईल, हे दर्जापेक्षा भरलेल्या पदांवर ठरेल.