बिबळ्या आणि भेकर

डहाणूच्या पूर्वेकडील डोंगराळ मुलुखांत किंवा तलासरीच्या रानांत ज्यांनीं रात्र काढिली असेल, त्यांच्या कानीं भेकराचें ओरडणें कधीं ना कधीं पडलें असेल. जनावर हरणाच्या कुळांतलें, उंचीनें शेळीएवढें. पण आवाज थेट कुत्र्याच्या भुंकण्यासारखा! मनांत सहज प्रश्न येतो, कीं ज्याच्यावर बिबळ्या टपलेला आहे, त्या बिचाऱ्यानें गुपचूप लपावयाचें सोडून आपला ठावठिकाणा ओरडून कां सांगावा?

याचें उत्तर बिबळ्याच्या शिकारीच्या रीतींत आहे. त्याच्यानें फार दूरवर पाठलाग होत नाहीं. दबकत दबकत अगदीं जवळ जावयाचें आणि एकदम झडप घालावयाची, एवढाच त्याचा डाव. भक्ष्यानें त्याला आधीं पाहिलें, कीं तो डाव फसला. भेकर बहुधा एकटेंच हिंडतें. तेव्हां त्याचें भुंकणें केवळ जातभाईंसाठीं असतें असें म्हणवत नाहीं. ‘मीं तुला पाहिलें आहे’ हा निरोप तें खुद्द वैऱ्यालाच देतें. आयव्हरी कोस्ट देशांतील ताई अरण्यांत बिबळ्यांच्या गळ्यांत रेडिओचे पट्टे बांधून माग काढिला, तेव्हां माकडांनीं ओरड करितांच ते दबा सोडून निघून जातात असें दिसलें. हें संशोधन १९९९ सालीं प्रसिद्ध झालें.

परंतु ही सावधगिरी फुकट मिळत नाहीं. जें जनावर घडोघडीं मान वर करून पाहतें, त्याचे चरण्याचे घांस तितके कमी होतात. कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत चिमणीसारख्या एका लहान पक्ष्याच्या घरट्यांना जाळी व विजेच्या तारा लावून शत्रूची वाट पूर्ण बंद केली, आणि मग जवळपास शिकारी प्राण्यांचे नुसते आवाज यंत्रावर वाजविले. एकाही पक्ष्याला कोणी शिवलें नाहीं. तरी २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत वर्षाचीं पिलें शेंकडा ४० नें घटलीं. दांत न लागतां नुसत्या भयानें केवढें हें नुकसान!

भक्ष्य बदललें, कीं शिकारीही बदलतो. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोल्याच्या उंसाच्या मळ्यांत राहणाऱ्या बिबळ्यांच्या विष्ठेची तपासणी झाली, तेव्हां त्यांच्या आहारांत वजनाच्या मानानें शेंकडा ८७ भाग पाळीव जनावरांचा, व त्यांत शेंकडा ३९ भाग एकट्या कुत्र्यांचा निघाला. दिवसा उंसांत निजावयाचें आणि रात्रीं माणसें झोंपलीं म्हणजे घरांच्या आसपास फिरावयाचें, हा क्रम तो आपल्यामुळेंच शिकला. आपल्याला पाहून तोही भेकरच होतो म्हणाना!

आमच्या वारली बांधवांना हें नातें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पट्टेरी वाघ या रानांत आतां उरला नाहीं. पण बिबळ्यालाही ते वाघच म्हणतात. रानाच्या कडेला वाघ, सूर्य आणि चंद्र कोरलेला वाघदेव उभा असतो. आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे वाघबारशीस, गुरांचें रक्षण कर म्हणून त्याची पूजा होते. ज्या घरीं दोनच शेळ्या, त्या घरीं एक गेली तर वर्षाची शिल्लक गेली. म्हणून पूजा मनोभावें होते. आणि दिवस मावळावयाच्या आंत शेळ्या कुडाच्या घरांत ओढून दार लावून घेतलें जातें.