डोळा बरा होतो, पण मेंदू थांबत नाही! बाळाची नजर लवकर का तपासायची?

बाळाचा डोळा तिरळा दिसला की घरात हमखास ऐकू येतं, 'मोठं झालं की होईल सरळ.' त्यात लोहाऱ्याहून सोलापूर किंवा लातूर गाठायचं म्हणजे एक दिवस मोडतो. मग तपासणी पुढे ढकलली जाते. पण नजरेच्या बाबतीत हाच उशीर महागात पडू शकतो.

बघायला मेंदू शिकतो

डोळा फक्त प्रकाश टिपतो, चित्र मेंदू तयार करतो. जन्मतः बाळाला धूसर दिसतं. दोन्ही डोळ्यांकडून स्पष्ट दृश्य येत राहिलं, तरच मेंदूतल्या जोडण्या पक्क्या होतात.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन विझेल यांनी 1960च्या दशकात मांजरीच्या पिल्लांची एक पापणी काही आठवडे बंद ठेवली. उघडल्यावर डोळा धडधाकट होता, पण मेंदूतल्या बहुतेक पेशी त्याला प्रतिसादच देत नव्हत्या. ती जागा दुसऱ्या डोळ्याने घेतली होती. मोठ्या मांजरांवर असा परिणाम झाला नाही. या संशोधकांना 1981 साली नोबेल मिळालं.

माणसाच्या बाळाचं काय?

तिरळेपणा, एकाच डोळ्याला मोठा नंबर किंवा जन्मजात मोतीबिंदू असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. यालाच 'आळशी डोळा' म्हणतात. जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या काही आठवड्यांतच करतात. आळशी डोळ्यासाठी चष्मा देतात, चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात. साधारण सात वर्षांच्या आत हे उपचार सर्वांत चांगले लागू पडतात.

उशीर झाला तर सगळं संपलं?

नाही. पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये जन्मापासून अंध असलेल्या भारतीय मुलांवर मोठेपणी शस्त्रक्रिया झाल्या. हाताने ओळखलेली वस्तू त्यांना सुरुवातीला नजरेने ओळखता येईना, पण थोड्याच दिवसांत ती शिकली. बारीक तपशील मात्र पूर्ण स्पष्ट दिसत नाहीत.

काय कराल?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरमधून सुरू झाला. त्यात अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. फ्लॅशच्या फोटोत बाहुली पांढरी दिसली, तीन महिन्यांनंतरही बाळ नजरेला नजर देत नसेल किंवा चार महिन्यांनंतरही डोळा तिरळा राहिला, तर थांबू नका. लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.