सुकट, बोंबील आणि माशाच्या पोटातले जिवाणू

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीहून समुद्र तीनशे किलोमीटरच्याही पलीकडे आहे. आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी तो जन्मात पाहिलेला नाही. पण बाजाराच्या दिवशी पोत्यावर ओतलेल्या सुकटीच्या आणि बोंबलाच्या ढिगातून तोच समुद्र आपल्या चुलीपर्यंत येतो. कोरड्यासाला काही नसले की मूठभर सुकट तव्यावर परतायची, कांदा-तिखट टाकायचे आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर सगळे घर जेवून उठायचे. मोलमजुरी करणाऱ्या आपल्या पिढ्या या वाळल्या मासळीने पोसल्या आहेत.

आणि याच मासळीवरून आपण टोमणेही खाल्ले. 'यांच्या घराला वास येतो' म्हणून खोली भाड्याने न देणारे लोक आहेत. डब्याचे झाकण उघडताच नाक मुरडून खुर्ची सरकवणारे सुशिक्षित सहकारीही आम्ही पाहिले आहेत. तेव्हा हा वास येतो तरी कुठून, हे एकदा नीट समजून घेऊ या. ऐकीव गोष्ट तपासून घ्यावी, ही तर भगवान बुद्धांनी कालामांना दिलेली शिकवण आहे.

जिवंत, निरोगी माशाच्या मांसात जिवाणू जवळजवळ नसतातच. ते असतात तीन ठिकाणी : अंगावरच्या बुळबुळीत थरात, कल्ल्यांत आणि आतड्यांत. माशाच्या आतड्यातल्या एका ग्रॅममध्ये हजारापासून शंभर कोटींपर्यंत जिवाणू सापडतात. समुद्रातल्या मोकळ्या माशांच्या पोटात खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या जाती भरपूर असतात. त्यांतला व्हिब्रिओ हा गट मोठा. पटकीचा जंतू याच कुळातला. पण कुळात एक वाईट निघाला म्हणून सगळे कूळ वाईट ठरत नाही, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. यांतले कित्येक जिवाणू कोळंबी-जवळ्याच्या टणक कवचाचे विघटन करू शकतात. बोंबील समुद्रात जवळा खातो, आणि हाच जवळा वाळला की आपली सुकट होते. म्हणजे बाजारात शेजारी-शेजारी मांडलेल्या दोन ढिगांपैकी एक हा दुसऱ्याचा घास! लाल समुद्रात शेवाळ खाणाऱ्या एका माशाच्या आतड्यात १९८५ साली एक अजब जीव सापडला. तो अर्ध्या मिलिमीटरहून मोठा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसेल एवढा होता. तो जिवाणूच आहे हे शास्त्रज्ञांना १९९३ मध्ये सिद्ध करता आले.

मासा मेला की त्याच्या शरीराचा पहारा उठतो. आतड्यातले पाचक रस आतडेच पोखरतात आणि जिवाणू मांसात शिरतात. खाऱ्या पाण्यात तग धरण्यासाठी समुद्री माशाच्या अंगात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचे द्रव्य असते. त्याला स्वतःला वास नाही. जिवाणू त्याचे ट्रायमिथिलअमाइन करतात आणि मग तो ओळखीचा वास सुटतो. गोड्या पाण्यातल्या माशात हे द्रव्य फारच थोडे असते. म्हणून उजनी धरणाच्या मासळीला तसा वास येत नाही. इतकी साधी ही गोष्ट आहे. तिचा जातीशी किंवा घराच्या स्वच्छतेशी काडीचा संबंध नाही.

महाडला मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे अन्न सोडायला सांगितले. मग सुकट चालते काय, असे कोणी विचारील. आमचे स्पष्ट मत आहे की चालते. सडणे आणि वाळणे या एकमेकांच्या उलट गोष्टी आहेत. ताज्या बोंबलात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणी असते. वसई, उत्तन, वर्सोवा, सातपाटी येथील कोळी भगिनी बोंबलाचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूच्या वलांडीवर उन्हा-वाऱ्यात टांगतात. पाणी गेले की जिवाणूंची वाढ थांबते. त्या उन्हातल्या कष्टांना सुगरणीचेच नव्हे, शास्त्राचेही मोल आहे.

पण वाढ थांबली म्हणजे सगळे जिवाणू मेले असे नाही. बोंबील बहुधा पोट न कापता, अख्खाच वाळवतात. आतडे आतच वाळते. म्हणून आपल्या आज्या बोंबलाचे डोके आणि पोट काढून टाकत, ते योग्यच होते. १९५० साली जपानमधल्या ओसाका येथे तारलीची उकडून अर्धवट वाळवलेली बारीक पिल्ले खाऊन २७२ माणसे आजारी पडली आणि त्यांतली २० दगावली. त्यातून फुजिनो या शास्त्रज्ञाने व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा जंतू शोधला. घातक ठरले ते अर्धवट वाळवणे. हा जंतू मिठावर जगतो, गोड्या पाण्यात तग धरत नाही आणि नीट शिजवल्यावर मरतो. तेव्हा सुकट-बोंबील दोन-तीन पाण्यांनी धुऊन पुरते शिजवावेत. भिजवून रात्रभर तसेच ठेवू नयेत.

बांगड्याची गोष्ट वेगळी. बर्फातला बांगडा आता सोलापूरला मिळतो आणि आपली तरुण मुले हौसेने आणतात. तो बर्फाविना काही तास राहिला, तर आतड्यातले आणि कल्ल्यांतले काही जिवाणू त्याच्या मांसात हिस्टामिन तयार करतात. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगावर गांधी उठतात. लोक म्हणतात, पित्त उठले. हे विष कितीही शिजवले तरी जात नाही. म्हणून बांगडा घेताना आधी बर्फ बघावा, मग भाव करावा. घरी आणल्याबरोबर कल्ले-आतडी काढून धुवावा आणि त्याच वेळी शिजवावा. खाल्ल्यावर धाप लागली, चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नये, दवाखाना गाठावा.

वर्षाची सुकट आपल्याकडे पावसाळ्याआधीच भरतात. ती पुन्हा एक-दोन कडक उन्हे देऊन, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. पोत्यात ठेवली तर आषाढात दमट होते आणि थांबलेले जिवाणू परत जागे होतात. खारवलेल्या मासळीवर कधी लालसर-गुलाबी थर चढतो. तो पोटातल्या जिवाणूंचा नसतो. मिठातून आलेल्या जंतूंचा असतो. अशी मासळी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.