घरगुती अर्कजल : उपयोग आणि मर्यादा

पनवेल आणि औषधी वनस्पती यांचा संबंध जुना आहे. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली येथे श्री धूतपापेश्वर या आयुर्वेदीय औषधांच्या कारखान्याची स्थापना केली. चूर्ण, काढा, आसव यांप्रमाणेच अर्क हाही आयुर्वेदातील एक जुना औषधकल्प होय. असे असूनही आपल्या परसातील गवती चहा केवळ चहात घालण्यापुरता आणि वाळ्याची जुडी केवळ उन्हाळ्यात माठात टाकण्यापुरती उपयोगात येते. या वनस्पतींपासून नित्याच्या वापराचे सुवासिक पाणी घरीच कसे काढावे आणि त्यापासून कोणती अपेक्षा ठेवू नये, याचा विचार येथे केला आहे.

अर्कजल म्हणजे काय?

सुवासिक पाने अगर फुले पाण्यात उकळली असता त्यांतील सुगंधी द्रव्ये वाफेबरोबर वर जातात. ही वाफ थंड केली म्हणजे तिचे पुन्हा पाणी होते. त्यावर जो पातळ तवंग येतो ते सुगंधी तेल आणि त्याखालील सुवासिक पाणी ते अर्कजल. काढ्यात वनस्पतीचा रंग व कडूपणा उतरतो; अर्कजल मात्र रंगहीन असते. गुलाबपाणी हे त्याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण होय. उत्तर प्रदेशातील कनौज येथे तांब्याच्या डेगेत फुले घालून, बांबूच्या नळीने वाफ दुसऱ्या भांड्यात नेऊन अत्तर व गुलाबपाणी काढण्याची रीत आजही चालू आहे.

कोणती वनस्पती निवडावी?

प्रारंभ गवती चहापासून करावा. पावसाळ्याच्या आरंभी त्याचे ठोंब लावल्यास सुमारे तीन महिन्यांनी पहिली कापणी मिळते. कापताना बुडखा चार-पाच इंच राखावा. तुळस, पुदिना व गावठी गुलाब यांचेही अर्कजल चांगले निघते. औषध फवारलेली फुले किंवा बाजारातील हारांची फुले वापरू नयेत.

वाळ्याविषयी मात्र एक सूचना आवश्यक आहे. त्याचे तेल जड असल्यामुळे ते निघण्यास अनेक तास लागतात व जळण फार खर्च होते. शिवाय वाळ्याचा सुगंध मुळांत असतो आणि तीच मुळे बांधाची माती धरून ठेवतात. सुगंधाच्या लोभाने बांधावरील वाळा उपटल्यास पहिल्याच मोठ्या पावसात बांध फुटण्याचा धोका असतो. यास्तव मुळांसाठी वाळा वेगळ्या वाफ्यात लावावा. बांधावरील वाळ्यास हात लावू नये.

काढण्याची रीत

स्टेनलेस स्टीलचे खोल पातेले घ्यावे. त्याच्या मध्यभागी एक तिवई ठेवून तीवर स्टीलची रिकामी वाटी ठेवावी. वाटीभोवती धुऊन बारीक कापलेली पाव किलो पाने व दीड लिटर स्वच्छ पाणी घालावे. पाण्याची पातळी वाटीच्या काठाच्या बरीच खाली असावी. पातेल्यावर घुमटाचे झाकण उलटे ठेवून त्याच्या खोलगट भागात थंड पाणी भरावे. विस्तव मंद ठेवावा. वाफ झाकणाला लागून थेंबाथेंबाने वाटीत पडते. झाकणावरील पाणी तापले की बदलावे. सुमारे एक पेला पाणी जमल्यावर थांबावे. पुढे येणाऱ्या पाण्यास वास कमी असतो. तळाचे पाणी आटू देऊ नये. उरलेला चोथा खताच्या खड्ड्यात टाकावा.

साठवण

अर्कजल स्वच्छ दिसले तरी त्यात ते टिकवणारे द्रव्य नसते. म्हणून त्यात जंतू वाढू शकतात. काचेची बाटली उकळत्या पाण्यातून काढून, पूर्ण वाळवून मगच भरावी व तीवर तारीख लिहावी. शीतकपाटात ठेवल्यास ते आठ-दहा दिवसांत आणि बाहेर ठेवल्यास दोन दिवसांत संपवावे. पाणी गढूळ झाले, त्यात तंतू दिसले अगर वास बदलला तर ते फेकून द्यावे.

उपयोग

वैशाखातील दमट उकाड्यात स्वच्छ फडके अर्कजलात भिजवून मान व कपाळ पुसल्यास थंडावा वाटतो. स्नानाच्या पाण्यात ते मिसळता येते. केस विंचरताना, तसेच अंथरुणावर ते शिंपडता येते. प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून एक दिवस वाट पाहावी; खाज किंवा लाली आल्यास वापरू नये. डोळ्यांत घालू नये, तान्ह्या मुलांस लावू नये व घरी काढलेले अर्कजल औषध म्हणून पिऊ नये.

मर्यादा ओळखा

खरी सावधगिरी लावणीच्या दिवसांत हवी. खाचरातील चिखलात उभे राहून पायांच्या बोटांमध्ये चिखल्या होतात. त्यांवर अर्कजल शिंपडल्याने सुवास येईल, चिखल्या बऱ्या होणार नाहीत. पाय स्वच्छ पाण्याने धुऊन बोटांमधील जागा कोरडी करावी. फुटलेल्या पायाने खाचरात उतरणे धोक्याचे आहे. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशा जखमांतून शरीरात शिरतात. जखम झाकावी व शक्य तेथे गमबूट वापरावेत. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि डोळे लाल होणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे व आपण खाचरात काम केले होते हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे. उशीर झाल्यास हा रोग प्राणावर बेततो. तद्वतच, गवती चहाच्या पाण्यावर विसंबून मच्छरदाणी सोडू नये.

विक्रीचा विचार

घरच्या वापरासाठी अर्कजल काढणे वेगळे आणि विकणे वेगळे. सौंदर्यप्रसाधन म्हणून विक्रीसाठी माल तयार करावयाचा तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० यांन्वये परवाना लागतो. बचत गटांनी भांडी खरेदी करण्यापूर्वी अन्न व औषध प्रशासनाकडे चौकशी करावी. जळण, बाटल्या व मजुरी यांचा हिशेब मांडावा आणि गिऱ्हाईक निश्चित करावे. भांडी आधी व गिऱ्हाईक मागाहून, हा क्रम तोट्याचा आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वरील रीतीचे प्रात्यक्षिक पावसाळ्यापूर्वी एखाद्या घराच्या अंगणात करून दाखवावे. त्याच बैठकीत चिखल्या व खाचरातील ताप यांविषयीही माहिती द्यावी. सुवास पाहण्यास माणसे जमतील. परत जाताना त्यांनी पायांची काळजी घेण्याचा विचार बरोबर नेला, तर त्या प्रात्यक्षिकाचे चीज झाले असे समजावे.