पाण्याच्या मागाने वऱ्हाड

वऱ्हाडाला समुद्र नाही. अकोल्याहून कोकणचा किनारा गाठायचा तर एक रात्र रेल्वेत जाते. खारे पाणी मात्र इथे आहे, तेही पायाखाली. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहीर खणली की पाणी लागते, पण ते ना धड प्यायला चालते, ना पिकाला. याच पट्ट्यातल्या एखाद्या पऱ्हाटीच्या वावरातून उत्तरेला पाहिले की आडवी निळी रांग दिसते. ती सातपुड्याची गाविलगड रांग. आपले गोडे पाणी तिथून येते आणि चार दिवस मोकळ्या हवेत काढायचे म्हटले की आपणही तिकडेच निघतो. म्हणून तिथल्या मेळघाटाची सहल आखताना ‘वाघ कुठे दिसेल’ याआधी ‘सध्या पाणी कुठे आहे’ हे विचारावे, असे माझे मत आहे.

डोंगर पाणी वाटतो कसे

रांगेच्या उत्तर उतारावरचे पाणी खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या नद्यांमधून तापीकडे जाते. दक्षिण उतारावरचे पाणी चंद्रभागा, शहानूर, वान अशा नद्यांनी खाली पूर्णेत उतरते. पूर्णा पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते, म्हणजे माथ्यावर फुटलेले पाणी शेवटी पुन्हा एक होते. मधल्या वाटेत ते गावोगावच्या नळांना पोचते. वान धरणावरची ८४ खेडी योजना अकोट-तेल्हारा भागातल्या खारपाणपट्ट्याला पाजते. तिथल्या माणसाला जंगल कशासाठी राखायचे हे पाटी लावून सांगावे लागत नाही. वानचे पाणी दुसरीकडे न्यायचा विषय निघाला की तो भाग पेटतो, तो उगाच नाही.

पावसाळा : चिखलदरा

खाली मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे आणि सपाटीपेक्षा तिथे पाऊस कितीतरी जास्त पडतो. आषाढ लागला की पठारावर धुके उतरते आणि दऱ्यांमध्ये जागोजागी धबधबे सुटतात. कीचकाला मारून भीमाने हात धुतले ते भीमकुंड, अशी इथली कथा. पंचबोलवर हाक मारली की दरी ती परत पाठवते. देवी पॉइंटला खडकाखालून पाणी झिरपत असते आणि त्याच कपारीत देवी बसलेली आहे. हरिकेन पॉइंटला धुक्यात काहीच दिसत नाही, तरी लोक तिथे तासभर उभे राहतात. मला ते पटते.

इथल्या थंडाव्यामुळेच इंग्रजांच्या काळात कॉफी लागली आणि अजून ती निघते. कापूस आणि संत्र्याच्या मुलखात कॉफीचे झाड पाहायला मजा वाटते.

गाविलगडासाठी मात्र वेगळा अर्धा दिवस ठेवा. बहामनी सुलतान अहमदशहा वलीने पंधराव्या शतकात तो बांधला. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. बहुतेक पर्यटक तोफा आणि दरवाजे पाहून परततात. खरे पाहायचे आहेत ते तलाव. एवढ्या उंचीवर फौज नांदवायची तर पाऊस धरून ठेवणे भाग होते आणि ते काम फार डोक्याने केलेले आहे.

रविवार टाळा. पावसाळी रविवारी परतवाड्यापासूनच गाड्यांची रांग लागते.

नरनाळा : अकोलेकरांचा डोंगर

अमरावतीकरांना चिखलदरा, तसा अकोलेकरांना नरनाळा. अकोटहून पोपटखेडमार्गे शहानूर गाठायचे आणि तिथून वनखात्याची परवानगी घेऊन वर जायचे. जाफराबाद, नरनाळा आणि तेलियागड असे तीन किल्ले इथे एकाला एक जोडलेले आहेत. १४८७ सालचा महाकाली दरवाजा पाहून कोणीही थबकतो. पांढरट दगडावरची फुले, कोरीव अक्षरे आणि सज्जे पाहताना आपण जंगलात आहोत हे विसरायला होते. नऊगजी तोफ आहेच. माथ्यावरचे तलाव श्रावण-भाद्रपदात काठोकाठ असतात आणि गवत कमरेपर्यंत वाढलेले असते, त्यामुळे पायात बूट हवेत. याच डोंगरात धारगडला श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी शंकराची यात्रा भरते. माणसे रात्रीच्या पावसात जंगलातून चालत जातात. वऱ्हाडी माणसाला ट्रेकिंग हा शब्द माहीत नव्हता तेव्हापासून हे चालू आहे.

हिवाळा : सिपनेचा काठ

मेळघाट १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला. देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी तो एक आणि महाराष्ट्रातला पहिला. गुगामल राष्ट्रीय उद्यान त्याच्या पोटात आहे. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते. ती उघडली की सेमाडोह आणि कोलकास गाठावे. कोलकासचे विश्रामगृह सिपनेच्या वळणावर उंचावर आहे आणि इंदिरा गांधी तिथे राहून गेल्या आहेत. पहाटे खाली नदीवर धुक्याचा पट्टा असतो आणि सांबराची हाक स्पष्ट ऐकू येते.

ताडोब्यासारखा वाघ इथे सहज दिसत नाही. जंगल चढउताराचे आहे, साग दाट आहे, आणि वाघाला लपायला जागाच जागा. त्यामुळे ‘काहीच दिसले नाही’ म्हणत परतणारे बरेच भेटतात. त्यांच्या डोक्यावरच्या फांदीवर कदाचित रानपिंगळा बसलेला असतो. १८८४ नंतर या घुबडाचा पक्का पुरावाच मिळाला नव्हता. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, तो शहाद्याजवळ सापडला आणि पुढे मेळघाटातही आढळला. इतर घुबडांसारखी त्याला रात्रीची वाट पाहावी लागत नाही, तो दिवसाही शिकार करतो. रानगवे, अस्वले आणि रानकुत्रीही आहेत, पण दुर्बीण न्याल तर ती या पिंगळ्यासाठी न्या.

जंगलात जायचे नसेल तर धरणे आहेत. मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा जलाशयावर थंडीत पाहुणी बदके उतरतात. अकोल्याला पाणी पाजणाऱ्या काटेपूर्णा धरणाभोवतीच्या अभयारण्यात चौशिंगा आहे.

आणि बहिरम. २० डिसेंबरपासून महिनाभराहून जास्त चालणारी ही यात्रा सातपुड्याच्या पायथ्याशी भरते. राहुटीसमोर गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी करायची, नाहीतर मातीच्या हंडीत मटण शिजवायचे. आपल्याकडची उघड्यावरची मौज म्हणजे हीच.

उन्हाळा : पाणवठ्याची रात्र

वैशाखात ओढे आटतात आणि जनावरे मोजक्या पाणवठ्यांवर येतात. बुद्ध पौर्णिमेला वनखाते नोंदणी केलेल्या लोकांना मचाणावर रात्रभर बसू देते. सोबत एक वनकर्मचारी असतो. भडक कपडे आणि अत्तर चालत नाही, बोलणे बंद, खाणे आवाज न करणारे. पहिले दोन तास कंटाळवाणे जातात. मग चंद्र वर येतो आणि पाण्यावर कोण आले हे नुसत्या चाहुलीवरून ओळखायचा खेळ सुरू होतो. वर्षातला एकच दिवस निवडायचा तर मी ही रात्र निवडेन.

घाट चढण्याआधी

मेळघाट हा कोरकूंचा मुलूख आहे. पेपरात तो वाघ आणि कुपोषण या दोनच कारणांनी येतो, पण तिथे गावे आहेत, शेते आहेत, बाजार आहेत. होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. कामासाठी बाहेर गेलेली माणसे तेव्हा परत येतात आणि रस्त्यात गाडी अडवून फगवा मागतात. सुटे पैसे जवळ ठेवा आणि न विचारता फोटो काढू नका. व्याघ्र प्रकल्पातून काही गावे उठवून खाली वसवली आहेत. ज्या मोकळ्या गवताळ जागेत तुम्हाला सांबरांचा कळप दिसेल, ते कुणाचे तरी जुने गावठाण असू शकते.

अमरावतीहून चिखलदरा आणि सेमाडोहमार्गे धारणी या दोन्ही बाजूंना एसटी जाते. स्वतःची गाडी असेल तर परतवाड्यातच टाकी भरून घ्या. घटांगच्या पुढे मोबाइलचा भरवसा नाही. पिण्याचे पाणी घरून न्या, आणि रिकाम्या बाटल्या घरीच परत आणा. ओढ्यात टाकलेली बाटली पुढच्या पुरात वाहत खालच्या धरणात येते.