झिजलेले रोमन नाणे कसे ओळखावे?

रोमन नाणे म्हटले की संग्रहालयातील सम्राटांची सुवर्णनाणी डोळ्यांसमोर उभी राहतात. परंतु जमिनीतून मोठ्या संख्येने निघतात ती चौथ्या शतकातील तांब्याची नखाएवढी नाणी. ही सामान्य माणसाच्या हातातील चिल्लर होती. हातोहाती फिरून व पुढे शतकानुशतके मातीत राहून त्यांवरील अक्षरे पार पुसून जातात. मग ‘वाचता येत नाही’ म्हणून नाणे बाजूला टाकले जाते. ही घाई आम्हाला योग्य वाटत नाही. अक्षरे गेली तरी चित्राचा बांधा शिल्लक असतो, आणि त्या बांध्यावरूनच नाण्याचा काळ सांगता येतो.

प्रथम सम्राटाच्या मस्तकाकडे पहावे. डोक्यावर किरणांसारखी टोके असलेला मुकुट असेल आणि नाणे लहान, पातळ असेल, तर ते बहुधा तिसऱ्या शतकातील होय. असा मुकुट असलेले चांदीचे नवे नाणे काराकल्ला याने इ.स. 215 मध्ये काढले. पुढे त्यातील चांदी घटत घटत जवळजवळ तांबेच उरले. मुकुटाऐवजी मोत्यांची पट्टी दिसली, तर नाणे कॉन्स्टंटाइनच्या उत्तरकाळातील किंवा त्यानंतरचे समजावे.

खरा उलगडा मागील बाजूस होतो. समोरासमोर उभे दोन सैनिक व मध्ये ध्वजदंड असतील, तर दंड मोजावेत. दोन असतील तर नाणे इ.स. 330 ते 335 च्या सुमाराचे, एकच असेल तर त्यानंतरच्या काही वर्षांतील. सैनिकांचे नुसते खांब झाले असले तरी ही मोजणी बहुधा जमते. जुळ्या बाळांना पाजणारी लांडगीण ही रोम नगरीची खूण. तीही 330 पासूनच्या तांब्याच्या नाण्यांवर विपुल आढळते. घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाला मारणारा सैनिक 348 नंतर दिसतो. बंदिवानाला ओढत नेणारा सम्राट बहुधा व्हॅलेंटिनियन व व्हॅलेन्स यांच्या काळचा, म्हणजे 364 नंतरचा. गरिबाच्या चिल्लरीवरही जिंकलेल्याची मान खाली दाखवण्याची या राज्यकर्त्यांना किती हौस होती!

चित्राखालच्या पट्टीत टांकसाळीची अक्षरे असतात, पण ती काठाशी असल्याने बहुधा कापली गेलेली किंवा झिजलेली असतात. पाहताना प्रकाश समोरून न घेता बाजूने तिरपा घ्यावा व नाणे हळूहळू फिरवावे. सपाट वाटलेल्या पृष्ठावर रेषा उमटू लागतात.

तांब्याची भांडी चिंच-मीठ लावून लखलखीत करण्याची आपल्या घरांतील सवय येथे घातक ठरते. पुष्कळदा चित्र त्या हिरवट थरातच टिकलेले असते. खालचा धातू केव्हाच खाल्लेला असतो. थर घासला की सम्राटही गेला आणि सैनिकही!

अशी झिजलेली रोमन तांब्याची नाणी तामिळनाडूत व श्रीलंकेत मोठ्या प्रमाणावर मिळाली आहेत. श्रीलंकेत तर त्यांच्या स्थानिक नकलाही सापडतात. म्हणून नाणे कोठे, कशासोबत मिळाले हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. आपल्याकडे जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. ती देण्यापूर्वी नाणे सराफाकडे नेऊ नये, आणि धुऊ तर मुळीच नये.